कर्नलसाहेबांची गाबोळी

लखनऊला ह्यांची बदली झाली तेव्हा छावणीत क्वार्टर मिळायला वर्ष-दीड वर्ष तरी लागेल असं सांगण्यात आलं. म्हणून आम्ही विकास नगरमध्ये एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खाली घरमालक राहायचे. सैन्यातून कर्नल म्हणून निवृत्त झालेले, सत्तरीच्या आसपासचे, मूळचे कुमाऊंच्या डोंगरातले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. हे पहिल्याच दिवशी मुलाबाळांची चौकशी करून बसले, तर ते "कोई नहीं है" एवढंच म्हणाले आणि पाण्याची मोटर कशी चालू करायची ते दाखवायला लागले.

मी रत्नागिरीची. कोल्हापूरला केमिस्ट्रीत एमएस्सी केलं आणि लग्नाआधी वर्षभर तिथल्याच एका रेक्झिनच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम केलं. मग लग्न झालं, हे सैन्यात, आता मेजर, आणि दर दोन-तीन वर्षांनी नवं गाव. लखनऊला येईपर्यंत मी केमिस्ट्री शिकले आहे हे मलाच आठवावं लागत होतं. ह्यांचं युनिट छावणीत, सकाळी साडेसहाला स्कूटरवरून जायचे ते संध्याकाळीच यायचे. मूल नव्हतं. दिवस फार मोठा वाटायचा.

एका दुपारी कर्नलसाहेब जिना चढून वर आले. हातात औषधाची असते तशी छोटी बाटली होती. "बेटी, तुम तो केमिस्ट हो. बताओ, यह क्या है?" बाटलीत वाटाण्यापेक्षा लहान असे दहा-बारा गोल मणी होते. नारिंगी-गुलाबी, अर्धवट पारदर्शक, आत किंचित दुधाळ. मी तळहातावर घेतले. बोटाने दाबले तर दबायचे आणि परत गोल व्हायचे. कोकणातली असल्यामुळे माझ्या तोंडून पहिला शब्द आला तो गाबोळी. माशाची अंडी. त्यांना तो शब्द समजावून सांगितला तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, हेच हवं होतं, बघणाऱ्याला अंडं वाटलं पाहिजे.

ते प्लॅस्टिकचे होते. थंड पाण्याच्या नद्यांत मोठे मासे अंडी घालतात, ती प्रवाहात वाहत येतात आणि ट्राउटसारखे मासे ती खायला टपलेले असतात. त्यांना फसवायला गळाजवळ दोऱ्यात असा खोटा मणी ओवायचा. कडक प्लॅस्टिकचे मणी मिळतात, पण मासा ते तोंडात घेतल्याबरोबर थुंकतो. मऊ असला तर क्षणभर जास्त ठेवतो, आणि गळ लागायला तेवढा क्षण पुरतो. नोकरीत असताना हिमाचलमध्ये आपण वर्षानुवर्षं मासे पकडले, हेही त्यांनी सांगितलं. ही बाटली एका दोस्ताने दिली होती. असे मणी घरी करता येतील का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येतील. खरं तर मला खात्री नव्हती. पण लग्न झाल्यापासून केमिस्ट्रीतलं मला कोणी काही विचारलंच नव्हतं.

आलमबागच्या मागे मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या करणारा एक छोटा कारखाना होता. रेक्झिनला लागते तशीच पांढरी पेस्ट ते वापरत. कर्नलसाहेबांनी तिथून एक डबा आणि चिमूटभर रंग आणले. मी गच्चीवर वातीचा स्टोव्ह मांडला, त्यावर वाळू भरलेली ॲल्युमिनियमची कढई, वाळूत स्टीलचं चोचीचं भांडं, भांड्यात काचेचा थर्मामीटर. ती पेस्ट तापवताना आधी घट्ट होते, मग नासलेल्या दुधासारखी गुठळ्यांची होते आणि नवख्या माणसाला वाटतं की बिघडलं. तिथे थांबायचं नाही. एकशे सत्तरच्या वर गेली की ती अचानक पातळ आणि मधासारखी स्वच्छ होते. आणखी दहा अंश जास्त झाले तर पिवळी पडते, मग तपकिरी, आणि नाकात सुई टोचावी तसा धूर निघतो. पहिल्या दोन खेपा धुरात गेल्या. शेजारच्या बाईंनी वाळत घातलेले कपडे काढून आत नेले आणि दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत.

तिसऱ्या खेपेला गरम थेंब गार पाण्यात सोडून पाहिले. प्रत्येकाला शेपूट आलं, बेडकाच्या पिल्लांसारखं. मग साचा करायचं ठरवलं. सायकलच्या बेअरिंगमधले छर्रे तेल लावून ओल्या प्लॅस्टरमध्ये अर्धे बुडवले, सुकल्यावर वरून दुसरा थर ओतला, दोन्ही अर्धी वेगळी केली. प्लॅस्टरमध्ये ओल राहिली की गरम पेस्ट आत उकळते आणि मण्यात बुडबुडे येतात. म्हणून साचा चार दिवस उन्हात ठेवला, आतून सुताराचा पांढरा गोंद पातळ करून लावला. गुरांच्या डॉक्टरकडची काचेची जाड पिचकारी आणली. तिने साच्यात पेस्ट भरली, निवल्यावर साचा उघडला, तर एका देठाला लागलेल्या बोरांसारखे आठ मणी. ब्लेडने सोडवले, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून टाल्कम पावडरमध्ये घोळवले आणि खाली घेऊन गेले.

कर्नलसाहेबांनी एक मणी अंगठा आणि बोटात धरून डोळे मिटले आणि तो कितीतरी वेळ फिरवत राहिले. मग म्हणाले, आणखी चाळीस हवेत. मला वाटलं, आता म्हातारबुवा कुठेतरी डोंगरात मासे पकडायला निघतील.

ते कुठेही गेले नाहीत.

चाळीस मणी दिल्यावर दीड-दोन महिन्यांनी ते पुन्हा वर आले. हातात निळ्या कागदाचा तुकडा होता. आठ मिलिमीटरचे साठ, दहाचे चाळीस. जरा आणखी मऊ. स्वच्छ पाण्यासाठी फिकट, गढूळ पाण्यासाठी भडक. काहींच्या आत लाल ठिपका. मार्चच्या आधी. हे सगळं इंग्रजीत, उभ्या, टोकदार अक्षरात लिहिलेलं. कर्नलसाहेबांचं अक्षर मी भाड्याच्या पावतीवर पाहिलं होतं, ते तिरकं आणि पसरट होतं. कागदाचा वरचा भाग कात्रीने सरळ कापलेला होता. मी विचारलं, हे कोणी लिहिलं. ते म्हणाले, दोस्ताने. कुठला दोस्त, असं मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून माझं लक्ष लागलं. त्यांच्या व्हरांड्यात मासे पकडायची लांब काठी कोपऱ्यात उभी असायची. तिच्या रिळापासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं होतं, आणि ते जाळं महिन्यांमागून महिने तसंच होतं. मासे पकडणाऱ्या घराला एक वास असतो. माझं बालपण त्या वासात गेलं आहे, मला तो गल्लीच्या तोंडाशी कळतो. त्या घराला औषधी तेलाचा आणि जुन्या वर्तमानपत्रांचा वास होता. शिवाय लखनऊच्या आसपास थंड पाण्याची नदी नाही. मग माझे मणी जात होते कुठे?

पेस्ट संपली म्हणून मी आलमबागला गेले तेव्हा मुद्दाम मासळीबाजारात वळले. एका म्हाताऱ्या मासेवाल्याला पर्समधून मणी काढून दाखवला. त्याने तो हुंगला, दोन बोटांत दाबला आणि म्हणाला, "इसको तो यहाँ की मछली सूँघेगी भी नहीं. यहाँ आटा खाती है, केंचुआ खाती है." केंचुआ म्हणजे गांडूळ. मग माझ्याकडे नीट बघत त्याने विचारलं, हे कुठून मिळालं. त्याचा प्रश्न साधाच असेल, पण मी मणी घेऊन घाईघाईने पर्समध्ये टाकला आणि निघाले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की मी चोरासारखी वागले.

ह्यांना सांगितलं तर आधी हसले. म्हातारा माणूस आहे, छंद आहे, तुला काम मिळालंय, करत राहा, असं म्हणाले. पण त्याच सुमारास युनिटमध्ये सुरक्षेवर कसलंसं व्याख्यान झालं होतं. अनोळखी माणसांशी जपून बोला, निवृत्त माणसांशीसुद्धा, घरच्यांनाही सांगा, वगैरे. त्यानंतर ह्यांनी एकदा मला तो निळा कागद मागितला. मी मण्यांच्या डब्यात ठेवला होता. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"हे मासे पकडणाऱ्याचं लिहिणं वाटत नाही मला."

मी म्हटलं, मग कशाचं वाटतं. कागद त्यांनी माझ्याकडे परत न देता आपल्या पाकिटात ठेवला, आणि त्यानेच मला भीती वाटायला लागली. आकडे, रंग, स्वच्छ पाणी, गढूळ पाणी, मार्च. ज्या गोष्टीवर मी दुपारभर घाम गाळत होते तिचा अर्थ मलाच माहीत नव्हता.

आमच्या आणि कर्नलसाहेबांच्या घरी एकच बाई कामाला यायची. मी तिला सहज म्हणून विचारलं, साहेबांकडे कोण येतं-जातं. ती म्हणाली, कोणी नाही. पण बाहेरदेशची चिठ्ठी येते. पोस्टमनला सांगून ठेवलंय, पेटीत टाकायची नाही, हातात द्यायची. "चिट्ठी आती है तो दरवाज़ा बंद कर लेते हैं. फिर शाम तक चाय भी नहीं माँगते." तिने हे सहज सांगितलं होतं. मी मात्र ते शब्द न शब्द संध्याकाळी ह्यांना ऐकवले. ऐकवताना मला थोडं शरमल्यासारखं झालं, आणि तरी मी ऐकवले.

पुढची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. आमच्या घरापासून पोस्ट ऑफिस पायी पाच मिनिटांवर होतं. एका सकाळी मी कारखान्यातून पेस्ट घेऊन परतत होते, तर आलमबागच्या पोस्टाबाहेर कर्नलसाहेबांची स्कूटर उभी. अख्खं शहर ओलांडून ते इथे आले होते. मी समोरच्या भांड्यांच्या दुकानात शिरले आणि उगाच पातेल्यांच्या किमती विचारत राहिले. खिडकीशी ते उभे दिसत होते. हातात कापडात शिवलेलं छोटं पाकीट, आणि ते परदेशी टपालाला लावतात तो हिरवा कागद भरत होते. लिहिता लिहिता त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं.

संध्याकाळी जिन्यात भेटले. मी विचारलं, आज सकाळी कुठे दिसला नाहीत. ते म्हणाले, डॉक्टरकडे गेलो होतो, गुडघ्यासाठी.

हे मी ह्यांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. घास तसाच हातात ठेवून म्हणाले, "आता तू काहीही करायचं नाहीस. साचा फोडून टाक. मी वर कळवतो."

मी म्हटलं, काय कळवणार? म्हातारा माणूस प्लॅस्टिकचे मणी परदेशी पाठवतो म्हणून? ते म्हणाले, कशासाठी पाठवतो ते माहीत नाही, म्हणूनच कळवायचं. आणि बनवतेस तू. उद्या कोणी विचारलं तर तुझं नाव आधी येईल. मी चार दिवस मागून घेतले. ते नाखुशीने हो म्हणाले. त्या चार दिवसांत मी काय करणार होते हे मलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी कर्नलसाहेब नात्यातल्या लग्नासाठी अल्मोड्याला निघाले. नेहमीप्रमाणे घराची किल्ली माझ्याकडे दिली, झाडांना पाणी घालायला. व्हरांड्यात आणि बैठकीत त्यांची पंधरा-वीस कुंड्यांची बाग होती. पहिल्या दिवशी मी फक्त पाणी घातलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी पाणी घालून झाल्यावर मी झारी खाली ठेवली आणि आतल्या खोलीचं दार ढकललं. ते लोटलेलंच होतं.

खोलीत पलंग, टेबल, एक कपाट. टेबलाचा खण उघडला तर वरच बिस्किटांचा चपटा पत्र्याचा डबा होता. त्यात निळी पत्रं. आणि एक फोटो. कमरेपर्यंत रबरी विजार घातलेला दाढीवाला माणूस नदीत उभा होता, दोन्ही हातांत भला मोठा चंदेरी मासा धरून हसत होता. फोटोच्या मागे त्याच उभ्या, टोकदार अक्षरात लिहिलं होतं, "फॉर पापा".

मी खुर्चीवर बसले आणि पहिलं पत्र उघडलं. ते अर्ध्या पानाचं होतं. आठ वर्षांनी लिहितोय, उत्तर आलं नाही तरी चालेल, असं सुरुवातीलाच होतं. इथे कॅनडात नदीवर मासे पकडतो, तुम्ही कुल्लूला शिकवलं तसंच दोरा बांधतो. सोबत काही मणी पाठवत आहे, इथले लोक हे वापरतात, तुम्हाला गंमत वाटेल. बस, एवढंच. दुसरं पत्र त्यापेक्षा मोठं होतं. तुम्ही असे मणी स्वतः हाताने घरी बनवू शकता हे वाचून नवल वाटलं नाही, लहानपणी तुम्ही मला काहीही बनवून द्यायचात, जमलं तर पाठवा. तिसऱ्यात मण्यांबद्दल पानभर होतं. फार छान झालेत, फक्त जरा कडक आहेत, मापं खाली लिहितो. आणि कात्रीने कापलेल्या कडेच्या अगदी वर एक ओळ, की त्याचं लग्न झालेलं आहे. चौथ्यात मण्यांबद्दल चारच ओळी होत्या आणि उरलेली दोन पानं एका तीन वर्षांच्या मुलीबद्दल. ती सकाळी काय खाते, कशाला घाबरते, तिचं नाक कुणासारखं आहे.

ते पत्र माझ्या हातात असतानाच फाटक वाजलं. मला वाटलं कामाची बाई असेल. मग व्हरांड्यात बॅग ठेवल्याचा आवाज आला आणि मला उठताही आलं नाही.

कर्नलसाहेब दारात उभे राहिले. एक दिवस आधी परतले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"पौधे इस कमरे में नहीं हैं, बेटी."

मी पत्र घडी करून डब्यात ठेवलं. घडी नीट बसेना. सॉरी अंकल, एवढंच म्हणता आलं. ते पलंगाच्या कडेला बसले. म्हणाले, "पूछ लेतीं."

"आप बताते?"

त्यांनी खरोखर विचार केला. "नहीं," म्हणाले.

मग मी सगळं सांगून टाकलं. मासेवाला, बाई, पोस्ट ऑफिस, निळा कागद ह्यांच्या पाकिटात आहे, हे वर कळवणार आहेत. मला वाटलं ते चिडतील. ते शांतपणे ऐकत राहिले, मधूनमधून मान हलवत, एखाद्या शिपायाचा रिपोर्ट ऐकावा तसे. शेवटी म्हणाले, मेजर बरोबर वागतोय. मी असतो तर पहिल्याच दिवशी रिपोर्ट केला असता.

त्या संध्याकाळी हे कामावरून आले आणि गणवेशही बदलला नव्हता, तोवर कर्नलसाहेब तो पत्र्याचा डबा घेऊन वर आले. टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि स्वतः उभेच राहिले. "पढ़िए, मेजर." हे म्हणाले, सर, त्याची गरज नाही. कर्नलसाहेब म्हणाले, गरज आहे. ह्यांनी दोन पत्रं वाचली. वाचता वाचता त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. मग पत्रं परत ठेवली, पाकिटातून तो निळा कागद काढला आणि डब्यात त्यांच्यावर ठेवला.

मी चहा केला. चहा घेताना कर्नलसाहेबांनी थोडक्यात सांगितलं. मुलाने सैन्य अकादमी अर्ध्यात सोडली होती. घरातून गेला, परदेशी गेला. कर्नलसाहेबांनी ओळखीच्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आपल्याला कोणी नाही. कॉलनीत, पेन्शनवाल्या मित्रांत, जवळच्या पोस्टातल्या कारकुनालाही तेच माहीत. आता त्याच खिडकीतून मुलाच्या नावाचं पाकीट पाठवायला त्यांची जीभ उचलत नव्हती. आणि मुलाचं पहिलं पत्र आलं तेव्हा काय उत्तर द्यावं हे न सुचून त्यांनी लिहून टाकलं होतं, की हे मणी काय, हे तर मी घरी हाताने बनवतो. बढाई मारून झाल्यावर बाटली घेऊन ते माझ्याकडे आले होते.

ते खाली गेल्यावर हे गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला वाटलं विषय संपला. पण थोड्या वेळाने आत येऊन म्हणाले, पत्रं खरी असतील, पण पाकिटावरचा पत्ता आपण पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, जाऊ दे. कोणाला काही कळवलं नाही. पण पुढे कित्येक दिवस खालच्या घराची घंटा वाजली की आम्ही दोघंही बोलता बोलता थांबायचो, कोण आलं ते ऐकायला.

कर्नलसाहेबांचं वागणं वरवर तसंच राहिलं. नमस्ते बेटी, कशी आहेस बेटी. पण पुढच्या वेळी ते गावाला गेले तेव्हा किल्ली कामाच्या बाईकडे दिली. आतल्या खोलीच्या दाराला एक नवं पितळी कुलूप आलं. मला त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटून घ्यायचा आपल्याला हक्क नाही हेही कळत होतं. मणी मागायला ते आले नाहीत. महिना गेला, दीड महिना गेला. गच्चीवर प्लॅस्टरचा साचा पोत्याखाली तसाच पडून होता. मला सारखं वाटायचं की कॅनडात कोणीतरी पाकिटाची वाट बघत असेल आणि पाकीट थांबलं तर पत्रंही थांबतील. आणि ते माझ्यामुळे.

एके दिवशी मी कपडे वाळत घालत असताना ते गच्चीवर आले. दारातच उभे राहून म्हणाले, "मुझे सिखाओगी?" मी म्हटलं, मी करून देते ना. ते म्हणाले, नाही, लिहिलेलं खरं करायचं आहे.

मग आठवड्यातून दोन सकाळी आमची शिकवणी सुरू झाली. त्यांचे हात कापायचे. पेस्ट गुठळ्यांची झाली की ते घाबरून स्टोव्ह बंद करायचे, आणि मी पुन्हा पेटवायला लावायचे. एकदा पिचकारीतून गरम पेस्ट अंगठ्यावर आली. मोठा फोड आला, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. साच्याची दोन अर्धी त्यांच्या हातून कधीच बरोबर जुळली नाहीत. मणी एका बाजूला चपटे व्हायचे, मधोमध शिवण दिसायची, रंग कधी विटेसारखा तर कधी पांढुरका. मी सुधारून द्यायला हात पुढे केला की ते मणी आपल्याकडे ओढून घ्यायचे. नव्या पत्रातल्या सूचना ते स्वतःच वाचायचे, मनातल्या मनात, आणि कागद शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचे. मला त्यातली एक ओळही कधी दाखवली नाही. मुलाला हे वेडेवाकडे मणी कसे वाटले हे जाणून घ्यायची मला फार इच्छा होती, पण विचारायचं कोणत्या तोंडाने?

त्या उन्हाळ्यात आम्हाला छावणीत क्वार्टर मिळालं. निघताना साचा, पिचकारी, थर्मामीटर, सगळं त्यांच्याकडे ठेवलं. त्यानंतर सात-आठ महिने काही गाठभेट नाही. मग हिवाळ्यात एकदा ऑफिसात ह्यांना कर्नलसाहेबांचा फोन आला. मुलगा आला आहे, रविवारी चहाला या.

गेलो. फोटोतला दाढीवाला माणूस व्हरांड्यात बसून उन्हात संत्रं सोलत होता. दाढीत पांढरे केस दिसायला लागले होते. बायको आणि मुलगी पुढच्या खेपेला येणार होत्या. हिंदी अजून चांगलं होतं, फक्त मधेच एखाद्या शब्दासाठी अडायचा आणि कर्नलसाहेब तो शब्द पुरवायचे. ओळख करून देताना त्यांनी आम्हाला जुने भाडेकरू म्हटलं. मणी किंवा केमिस्ट्री, कशाचाच उल्लेख केला नाही. मी ठरवूनच आले होते की काही बोलायचं नाही. मी समोसा खात राहिले.

विषय मुलानेच काढला. म्हणाला, पापा, ते मणी कसे बनवता ते मला दाखवा. कर्नलसाहेब उठले, मागच्या अंगणात स्टोव्ह मांडला आणि सगळं करून दाखवलं. माझ्याकडे एकदाही न बघता. थर्मामीटर वाचायला ते डोळे अगदी काचेजवळ नेऊन वाकत होते. साचा उघडला तर आठांपैकी पाच मणी बरे निघाले होते, माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगले. मुलाने एक उचलून उन्हात धरला.

"पापा, शुरू वाले बहुत बढ़िया थे. बाद में क्या हुआ? नज़र कमज़ोर हो गई क्या?"

कर्नलसाहेबांनी स्टोव्हची वात खाली केली. हात पुसले. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "शुरू वाले इन्होंने बनाए थे. मैंने तुमसे झूठ लिखा था."

हे बुटांकडे बघत होते. मुलगा माझ्याकडे पाहत राहिला, मग वडिलांकडे. म्हणाला, "मुझे लगता था, आप बाज़ार से लेते हैं और कहते हैं ख़ुद बनाए."

"तो पूछा क्यों नहीं?"

"आप लिखना बंद कर देते."

कर्नलसाहेबांनी मान हलवली. नाकारत होते की कबूल करत होते, मला कळलं नाही. मग त्यांनी हळूच विचारलं की नंतरच्या मण्यांवर, म्हणजे त्यांनी स्वतः केलेल्या, मासे लागले का. मुलाने खरं सांगितलं. एकही नाही, म्हणाला, अख्खा मोसम प्रयत्न केला, एकही मासा लागला नाही. आणि कर्नलसाहेब हसायला लागले. इतके हसले की खोकला आला, मुलाने पाठीवरून हात फिरवला, पाणी आणून दिलं. मी त्यांना त्याआधी तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मला म्हटलं, बेटी, याला रंगाचं प्रमाण नीट लिहून दे, मला ते कधी जमलंच नाही. मी लिहून दिलं. किती वेळ तापवायचं, दुधाळपणासाठी पांढरा रंग किती, साचा किती दिवस वाळवायचा. मुलाने कागद घडी करून पाकिटात ठेवला.

निघालो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. स्कूटरवर मी मागे बसले, शाल गुंडाळून. खूप दिवसांनी मोकळं वाटत होतं. वाटेत एका सिग्नलला हे थांबले आणि मान थोडी मागे वळवून म्हणाले, "अगं, तुला तो सरांसारखा दिसला का? नाक तर अजिबात नाही."

मी विचारलं, म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला. तेवढ्यात सिग्नल सुटला आणि त्यांनी स्कूटर पुढे घेतली. ते थट्टा करत होते की खरंच विचारत होते, हे मी त्यांना त्या दिवशी विचारलं नाही, आणि नंतरही विचारायचं राहून गेलं.